दगडावरच्या भाषा : ट्युनिसियातील काही अल्पपरिचित स्थळे

गतवर्षी आमच्या विभागातील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला काही कामानिमित्त ट्युनिसियास जाण्याचा योग आला. निघण्यापूर्वी तेथे काय काय पाहावे, असे त्याने विचारले. कार्थेजचे अवशेष, कैरवानची मशीद, एल् जेमचे भव्य रोमन क्रीडामंडल, सिदी बू सईदची निळी-पांढरी घरे ही नावे कोणतीही प्रवासपुस्तिका सांगू शकते. तेव्हा त्यांची पुनरुक्ती करण्यात अर्थ नव्हता. त्याला दिलेली यादी निराळी होती. भाषा आणि लिपी ह्यांच्या अभ्यासकाने ज्या ठिकाणी थांबावे, परंतु प्रवाशांच्या गाड्या जेथे क्वचितच थांबतात, अशा स्थळांची ती यादी होती. तीच येथे थोड्या विस्ताराने मांडावयाची आहे.

ट्युनिसियाच्या भूमीवर गेल्या अडीच हजार वर्षांत लिबिक, प्युनिक, लॅटिन आणि अरबी ह्या चार भाषा एकामागून एक, आणि पुष्कळदा एकाच वेळी, लिहिल्या गेल्या. त्यांपैकी लिबिक ही तेथील मूळ रहिवाशांची, म्हणजे ज्यांना आपण बर्बर म्हणतो आणि जे स्वतःला अमाझिग म्हणवितात त्यांच्या पूर्वजांची, भाषा होय. प्युनिक ही फिनिशियन वसाहतकारांची सेमिटिक भाषा. एका भाषेची जागा दुसरीने घेतली असे आपण सहज म्हणून जातो. पण ही 'जागा घेणे' म्हणजे प्रत्यक्षात काय असते, हे ज्या थोड्या ठिकाणी डोळ्यांनी पाहता येते, त्यांत ट्युनिसियाचा अंतर्भाग मोडतो.

१

आरंभ दुग्गापासून करणे इष्ट. ट्युनिस शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ११० किलोमीटर अंतरावर, तेबूर्सूक गावाजवळच्या टेकडीवर हे प्राचीन थुग्गा नगर आहे. युनेस्कोने १९९७ मध्ये त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यामुळे ते अगदीच अज्ञात आहे असे नाही. परंतु येणारा प्रवासी इसवी सन १६६-१६७ मधील ज्युपिटरचे मंदिर आणि त्याच काळातील नाट्यगृह पाहून परत फिरतो. उताराच्या खालच्या अंगाला ऑलिव्हच्या झाडांत उभ्या असलेल्या २१ मीटर उंचीच्या समाधीपर्यंत फार थोडे लोक उतरतात. भाषाभ्यासकाने मात्र प्रथम तेथेच जावे.

ही समाधी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील, म्हणजे रोमन अमलापूर्वीच्या नुमिडियन राजवटीतील आहे. तिच्या रचनेत ग्रीक स्तंभ आहेत, ईजिप्शियन धाटणीची कपोते आहेत आणि माथ्यावर लहानसा पिरॅमिड आहे. तिच्या भिंतीवर प्युनिक आणि लिबिक अशा दोन भाषांत एक लेख होता. तोमा दार्कोस ह्या गृहस्थाने १६३१ मध्ये त्याची नक्कल करून युरोपास त्याची वार्ता दिली. पुढे १८४२ मध्ये ट्युनिसमधील ब्रिटिश वकील टॉमस रीड ह्याने लेखाचे दगड हस्तगत करण्यासाठी जवळजवळ सबंध समाधी उतरवून टाकली. ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. विखुरलेल्या चिऱ्यांतून लुई प्वॅंसो ह्या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १९०८ ते १९१० ह्या काळात समाधी पुन्हा उभी केली. आज दिसते ती ही पुनर्रचित वास्तू होय, आणि तिच्यावर मूळ लेख नाही.

द्वैभाषिक लेखाचे महत्त्व आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. खरोष्ठीच्या वाचनास इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांवरील दुहेरी लेखांनी जी मदत केली, तीच लिबिक लिपीच्या वाचनास दुग्गाच्या लेखाने केली. प्युनिक बाजू वाचता येत होती. तिच्यातील विशेषनामे लिबिक बाजूत शोधली आणि एकेका चिन्हाचे मूल्य निश्चित होत गेले. प्युनिक लेखात जेथे 'पुत्र' ह्या अर्थाचा 'ब्न्' शब्द येतो, तेथे लिबिक लेखात केवळ 'व्' हे एकच अक्षर आहे. आजच्या बर्बर बोलींतही पितृनामापूर्वी येणारा 'उ' हा 'पुत्र' ह्याच अर्थाचा आहे. लेखाच्या शेवटी कारागिरांच्या नावांची यादी आहे. तीत लाकूडकाम करणारे आणि लोखंडाचे काम करणारे वेगवेगळे सांगितले आहेत. लोखंडासाठी तेथे 'ज़्ल्' ह्या व्यंजनांचा शब्द येतो. आजच्या अनेक बर्बर बोलींत लोखंडाला 'उज़्ज़ाल' म्हणतात. लाकडाच्या शब्दाचेही असेच आजच्या 'अस्गार' ह्या शब्दाशी नाते लावले जाते. दोन शब्दांना जोडणारा षष्ठीदर्शक 'न्' तर जसाच्या तसा टिकला आहे. बावीस शतकांच्या अंतरावरून ओळखू येणारी ही व्याकरणाची खूण पाहून कोणाही अभ्यासकास आनंद झाल्यावाचून राहणार नाही.

तथापि ह्याच लेखाची एक दुसरी कथा आहे, आणि आपल्या दृष्टीने ती अधिक उद्बोधक आहे. लेखाच्या आरंभी 'येप्मातथचा पुत्र, पालूचा नातू अतेबान' असे नाव येते. ह्यावरून ही अतेबान नामक कोणा सरदाराची समाधी होय, असे दीर्घकाळ मानले गेले, आणि अजूनही कित्येक पुस्तिकांत तसेच छापले जाते. परंतु उपलब्ध लेखात मृताविषयी काहीच नाही. आहेत ती बांधकाम करणाऱ्यांची नावे. समाधीवर आणखी एक लेख असावा, समाधी कोणाची हे त्यात सांगितले असावे आणि तो नष्ट झाला असावा, असे मत पुढे मांडले गेले. अतेबान हा समाधीतील मृत नव्हे, तर ती बांधणाऱ्यांतील प्रमुख होय, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. दगड भिंतीतून काढला, तेव्हा अक्षरे शाबूत राहिली. पण तो कोणत्या बाजूस होता, त्याच्या शेजारी काय होते, हा संदर्भ तुटला आणि गवंड्याचा राजपुरुष झाला. लेखाचा अर्थ केवळ लेखात नसतो, हे आपण वर्गात सांगतो. दुग्गाच्या त्या कोऱ्या भिंतीसमोर ते प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

दुग्गाचा दुसरा द्वैभाषिक लेख १९०४ मध्ये सापडला. तो ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयात आहे. प्रवासी तेथील रोमन कुट्टिमचित्रे पाहण्यात गढून जातात आणि हा साधा दगड दुर्लक्षित राहतो. थुग्गाच्या नागरिकांनी दिवंगत राजा मासिनिस्सा ह्याचे मंदिर बांधले, त्याचा हा लेख. त्याचा पुत्र मिकिप्सा ह्याच्या कारकीर्दीचे दहावे वर्ष, म्हणजे ख्रिस्तपूर्व १३८ च्या सुमाराचा काळ त्यात दिला आहे. येथे दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली ही की, प्युनिक लेखातील 'राजा' ह्या पदाशी लिबिक बाजूत 'ग्ल्द्' हा शब्द जुळतो. आजच्या बर्बर बोलींतील 'अगेल्लिद', म्हणजे राजा, तो हाच. दुसरी ही की, काही लिबिक अधिकारपदांची नावे प्युनिक बाजूत भाषांतरित न करता केवळ प्युनिक अक्षरांत उतरविली आहेत. ज्या पदास परक्या भाषेत प्रतिशब्द नाही, ते पद तसेच ठेवावे लागते. राज्यकारभाराच्या परिभाषेत आजही हाच अनुभव येतो.

कालदृष्ट्याही हा लेख विचार करावयास लावतो. कार्थेज ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये बेचिराख झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, कार्थेजचा कट्टर वैरी असलेल्या राजाच्या मंदिरावर, त्याचीच प्रजा कार्थेजची भाषा कोरीत आहे आणि तीही आपल्या भाषेच्या बरोबरीने. राज्य संपले की भाषा संपते, ह्या समजुतीस ह्याहून चांगले उत्तर सापडणे कठीण.

२

प्युनिक लोकांचे दैनंदिन जीवन पाहावयाचे असेल, तर ईशान्येकडील काप बाँ द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील केर्कुआन येथे जावे. कार्थेजवर रोमनांनी नवे नगर वसविले, त्यामुळे तेथे प्युनिक थर रोमन थराखाली दबलेला आहे. केर्कुआन मात्र ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्यास, पहिल्या प्युनिक युद्धाच्या काळात, ओस पडले आणि त्यावर पुन्हा कोणी घर बांधले नाही. १९५२ मध्ये त्याचा शोध लागला. समुद्राच्या अगदी कडेला गुडघ्याएवढ्या भिंतींचे हे नगर पसरलेले आहे. जवळजवळ प्रत्येक घरात तांबूस गिलाव्याचे, बसून स्नान करण्याचे लहान टाके आहे. एका घराच्या उंबऱ्याशी जमिनीत पांढऱ्या खड्यांनी तानित देवतेचे चिन्ह काढलेले आहे : त्रिकोण, त्यावर आडवी रेघ आणि वर वर्तुळ.

रस्ते, गटारे, स्नानाची टाकी सर्व काही समोर असूनही ह्या नगराचे प्राचीन नाव आज कोणासही ठाऊक नाही. केर्कुआन हे अलीकडचे नाव होय. बुल्ला रेजियाचे नाव दोन हजार वर्षे टिकले आणि येथील नाव एकाही लेखात हाती लागले नाही, हा विरोध मनात ठेवून ते अवशेष पाहावेत.

३

वायव्येकडील मेजेर्दा नदीच्या खोऱ्यात, जेंदूबा शहराजवळ, बुल्ला रेजिया आणि शेमतू ही दोन स्थळे एकाच दिवसात पाहता येतात. बुल्ला रेजियाचे वैशिष्ट्य म्हणजे तेथील भूमिगत घरे. रोमन काळातील धनिकांनी उन्हाळ्याच्या तापापासून बचावण्यासाठी आपल्या घरांचा एक मजला जमिनीखाली बांधला. त्यात अंगण, स्तंभ आणि भोजनगृह ही सर्व आहेत. छताच्या कमानी मातीच्या पोकळ नळ्या एकीत एक अडकवून उभारलेल्या आहेत. पायऱ्या उतरून खाली गेले की, कुट्टिमचित्रे आजही मूळ जागीच जमिनीवर दिसतात. ती उचलून संग्रहालयात नेलेली नाहीत. दुग्गाचा अनुभव ताजा असल्यास ह्या गोष्टीचे मोल अधिक जाणवते.

इसवी सन ३९९ मध्ये संत ऑगस्टीनने ह्याच गावात प्रवचन करून येथील लोकांच्या नाटकवेडाबद्दल त्यांची कानउघाडणी केली होती. भाषाभ्यासकास ऑगस्टीनचे महत्त्व निराळ्या कारणासाठी आहे. तो सांगतो की, तुम्ही कोण, असे आपल्याकडील खेडुतांस विचारले असता ते प्युनिक भाषेत आपण 'कनानी' असल्याचे उत्तर देतात. कार्थेज पडून साडेपाचशे वर्षे लोटल्यावरची ही गोष्ट आहे. शहरात लॅटिन, खेड्यात प्युनिक आणि त्यापलीकडे लिबिक, अशी ही व्यवस्था असावी. दुग्गातही इसवी सन २०५ पर्यंत रोमन नागरिकांचा समाज आणि स्थानिकांचे नगर अशा दोन स्वतंत्र संस्था एकाच टेकडीवर नांदत होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

शेमतू हे प्राचीन सिमित्थू. येथील पिवळसर, तांबड्या शिरांचा संगमरवर रोमन जगात अत्यंत मोलाचा मानला जाई. ख्रिस्तपूर्व ७८ मध्ये लेपिडस ह्या रोमन अधिकाऱ्याने आपल्या घराच्या उंबऱ्यास हा दगड वापरला, तेव्हा त्याच्या उधळेपणावर टीका झाल्याचे प्लिनी नमूद करतो. पुढे रोमच्या पॅन्थिऑनमध्येही तो बसविला गेला. डोंगराचा अर्धा भाग कापून नेल्याने उरलेल्या उभ्या खाणी आज दिसतात. खाणीतून निघालेल्या शिळांवर सम्राटाचे नाव, त्या वर्षीचे कॉन्सल, देखरेख करणारा अधिकारी आणि अनुक्रमांक कोरलेला असे. हे लेख म्हणजे दगडावर लिहिलेली जावक-वहीच. त्यांत साहित्यगुण मुळीच नाही. पण भाषा कारभारात कशी आखडते, संक्षेप कसे रूढ होतात, हे पाहण्यास ह्याहून चांगले साहित्य नाही. तेथे ट्युनिसियन आणि जर्मन पुरातत्त्वज्ञांच्या सहकार्याने उभारलेले छोटे संग्रहालयही आहे. डोंगरमाथ्यावर नुमिडियन राजांनी बांधलेल्या एका स्मारकाचे अवशेष आहेत. त्याचे पुनर्रचित भाग ह्या संग्रहालयात पाहता येतात.

४

मध्य ट्युनिसियाच्या उंच पठारावरील माक्तार येथे प्रवासी क्वचितच जातो. येथे नव-प्युनिक लेख मोठ्या संख्येने सापडले आहेत. कार्थेजच्या पाडावानंतर प्युनिक लिपी घसटी होत गेली. तिलाच नव-प्युनिक म्हणतात. मूळ लिपीत स्वर लिहिण्याची सोय नव्हती. बोलीतून कंठ्य व्यंजने हळूहळू लोपली, तेव्हा त्यांची रिकामी झालेली चिन्हे लेखकांनी स्वर दाखविण्याच्या कामी लावली. ग्रीकांनी फिनिशियन लिपी घेताना जे केले, तेच प्युनिक लोकांनी आपल्याच लिपीत काही शतकांनी केले, असे म्हणावयास हरकत नाही. लेखनदोष म्हणून ज्यांकडे दुर्लक्ष झाले असते, त्या रूपांतूनच उच्चाराचा इतिहास हाती आला. प्लाउटसच्या 'पोएनुलुस' ह्या लॅटिन नाटकातील प्युनिक संवाद रोमन अक्षरांत आहेत. ते आणि हे लेख एकत्र ठेवले म्हणजे ह्या मृत भाषेचे स्वर थोडेफार ऐकू येऊ लागतात.

माक्तारचाच एक लॅटिन पद्यलेख प्रसिद्ध आहे. तो आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. गरीब घरात जन्मलेला एक शेतमजूर बारा वर्षे इतरांच्या शेतांची कापणी करतो, पुढे अकरा वर्षे कापणीवाल्यांच्या टोळीचा मुकादम होतो, घरदार करतो आणि अखेर नगरसभेत जाऊन बसतो, असे त्यात त्याच्याच तोंडून सांगितले आहे. लिबिक आणि प्युनिक नावांच्या ह्या मुलखात, उन्हात राबलेल्या एका माणसास आपली कथा सांगण्यासाठी लॅटिन छंद हाच योग्य वाटला, ह्यात भाषांतराची सबंध सामाजिक प्रेरणा सामावली आहे. वर चढण्याची शिडी त्या भाषेत होती.

५

दुग्गाकडे जाताना वाटेत तेस्तूर लागते. १६०९ नंतर स्पेनमधून हद्दपार झालेल्या मोरिस्कोंनी, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांनी, हे गाव वसविले. त्यांच्यापैकी पुष्कळांना अरबी येत नव्हती. घरची भाषा स्पॅनिश होती. स्पेनमध्ये त्यांचे पूर्वज अरबी लिपीत स्पॅनिश लिहीत. ह्या लेखनास 'अल्हामिआदो' म्हणतात. धर्माची भाषा गेली, लिपी राहिली, आणि ज्या देशाने हाकलले त्याचीच भाषा हद्दपारीतही तोंडी राहिली, असा हा प्रकार. मशिदीच्या मनोऱ्यावर स्पॅनिश घाटाची वीटकामे आहेत आणि एक घड्याळ आहे. त्याचे अंक उलट क्रमाने लिहिलेले असून काटे उजवीकडून डावीकडे फिरतात. अरबी लिपी उजवीकडून लिहितात म्हणून, किंवा काळ मागे फिरून अंदालूसियास परत जावे ह्या इच्छेने, अशी स्पष्टीकरणे गावात ऐकावयास मिळतात. लौकिक व्युत्पत्तींकडे आपण ज्या कौतुकाने आणि ज्या सावधगिरीने पाहतो, त्याच रीतीने ती ऐकावीत.

६

आतापर्यंतची स्थळे मृत भाषांची होती. शेवटचे वळण दक्षिणेकडे, जिवंत भाषेकडे घ्यावयाचे आहे. तातावीनच्या परिसरात डोंगराच्या कड्यात कोरलेली शेनिनी आणि दुईरात ही गावे, मात्माताजवळील तामेझ्रेत, आणि जेर्बा बेटावरील गेल्लाला व सेदुइकेश ही गावे, एवढ्याच काही ठिकाणी ट्युनिसियात बर्बर बोली टिकून आहे. तातावीन हे नावच बर्बर आहे. त्याचा अर्थ 'झरे'. आणि ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'डोळे'. अरबीतील 'ऐन' ह्या शब्दासही हेच दोन अर्थ आहेत. आपल्याकडे उसाच्या पेऱ्याला डोळा असतो. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्यांना तो जमिनीत दिसावा, हे स्वाभाविकच होय.

ह्या भागातील 'क्सार', म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार कोठ्यांची धान्यकोठारे, पाहण्यासाठी हल्ली काही प्रवासी येतात. क्सार ऊलद सोल्ताने येथील कोठारे चार मजली आहेत. मात्माताची जमिनीत खोदलेली घरे तर एका अमेरिकन चित्रपटामुळे जगभर पाहिली गेली. परंतु ह्या वास्तूंत राहणारी माणसे आपसांत काय बोलतात, इकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. डोंगरावरची वस्ती उतरून सपाटीवर नवी शेनिनी, नवी दुईरात, नवे मात्माता अशी गावे वसली. शाळा अरबी, कचेरी अरबी, पोटासाठी जावयाचे शहर अरबी. घरातील वृद्धांशी एक भाषा आणि मुलांशी दुसरी, असे झाले की त्या भाषेचे पुढे काय होते, हे आपणांस ठाऊक आहे. मोरोक्कोने २०११ मध्ये आणि अल्जीरियाने २०१६ मध्ये बर्बर भाषेस राजभाषेचा दर्जा दिला. ट्युनिसियात तसे झालेले नाही. मुलांना अरबी नसलेली नावे ठेवण्यास मनाई करणारे १९६५ चे परिपत्रक २०२० मध्ये रद्द झाले. म्हणजे ज्या राजाचे मंदिर थुग्गाच्या नागरिकांनी दोन भाषांत अक्षरे कोरून बांधले, त्या मासिनिस्साचे नाव त्याच्याच देशात मुलास ठेवणे अर्धे शतक अडचणीचे होते.

जेर्बाविषयी एवढेच सांगणे पुरे की, त्या लहानशा बेटावर इबादी पंथाचे मुसलमान, बर्बर बोलणारी गावे आणि पुरातन यहुदी समाज शतकानुशतके शेजारी राहिले आहेत. सेदुइकेशजवळची जमिनीखालची मशीद आणि एर्-रियादमधील ग्रीबा सिनॅगॉग ही दोन्ही आवर्जून पाहावीत. ह्या सिनॅगॉगवर २००२ आणि २०२३ मध्ये प्राणघातक हल्ले झाले. त्यामुळे तेथे तपासणी कडक असते. २०२३ मध्येच युनेस्कोने बेटाची वस्तीरचना जागतिक वारशात समाविष्ट केली.

७

व्यावहारिक सूचना थोडक्यात. उत्तरेकडील स्थळे वसंतात, दक्षिणेकडील शरदानंतर पाहावीत. गावोगावी भाड्याच्या सामायिक मोटारी मिळतात. त्यांना 'लुआज' म्हणतात आणि सर्व जागा भरल्याशिवाय त्या निघत नाहीत. बार्दो संग्रहालय दुग्गाच्या आधी न पाहता नंतर पाहावे. टेकडी डोळ्यांपुढे असली म्हणजे दगड बोलू लागतो. दक्षिणेतील गावांत शब्दसूची घेऊन कोणास प्रश्न विचारीत सुटू नये. चहा घ्यावा, बसावे, आणि आजी नातवाला हाक कोणत्या भाषेत मारते व नातू उत्तर कोणत्या भाषेत देतो, एवढे ऐकावे. क्षेत्रकार्याचा तो पहिला पाठ आहे.

वर उल्लेखिलेला विद्यार्थी परत आला, तेव्हा त्याने दुग्गाच्या समाधीची छायाचित्रे दाखविली. त्यांत एक छायाचित्र, जेथे लेख असावयास हवा होता त्या कोऱ्या भिंतीचे होते. पुढे कधी लंडनला जाणे झालेच, तर ते छायाचित्र बरोबर घेऊन ब्रिटिश म्युझियममधील दगडासमोर उभे राहण्याचा त्याचा विचार आहे. आमच्या इतर विद्यार्थ्यांनीही जमेल तेव्हा हा प्रवास ह्याच क्रमाने करावा, अशी शिफारस करून हा लेख संपवितो.